गच्चीवर वाळत घातलेलं दप्तर

“यातला कुठला कागद कुठे आहे, हे कशावरून कळतं?” कंपनीकडून आलेल्या बाईंनी विचारलं.

दप्तरदारांना आधी प्रश्नच कळला नाही. इस्पितळाच्या तळघरातली ती लांबट खोली, तिच्यात सत्तेचाळीस लोखंडी मांडण्या, मांडणीला सहा-सहा कप्पे आणि कप्प्याकप्प्यात कोंबलेलं गावाचं चाळीस वर्षांचं दुखणंखुपणं. त्या सगळ्यावरून त्यांनी एकदा नजर फिरवली आणि आपल्या कपाळावर बोट टेकवलं.

“म्हणजे सूची नाही?”

“आहे की. ही काय.”

बाईंनी हातातल्या पाटीएवढ्या यंत्रावर काहीतरी टिपलं. दप्तरदारांनी ते समोर उभं राहून उलटं वाचलं. एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावत आलेल्या माणसाला उलटं वाचणं म्हणजे विश्रांतीच. बाईंनी लिहिलं होतं, ‘सूची : नाही.’

ते दोन शब्द दप्तरदारांच्या काळजात जे घुसले ते पुढचे पंधरा दिवस तिथून हलले नाहीत.

आता खरं म्हणजे पद्धत होती. फक्त ती इतरांच्या पद्धतीसारखी नव्हती. आडनावावरून फायली लावणं त्यांना पोरकट वाटायचं. त्यांच्याकडे वारंवार येणारे पेशंट दाराजवळ असत. जुळ्यांच्या फायली शेजारीशेजारी असत, मग एकाला काही झालेलं नसलं तरी. भांडकुदळ नातेवाईक असलेले पेशंट सगळ्यात वरच्या कप्प्यात, कारण शिडी आणा, शिडी लावा, वर चढा, खाली उतरा, एवढ्यात कुणाचाही पारा उतरतो. वरून एखाद्या डॉक्टरचा फोन यायचा, “अहो, त्या पाववाल्याच्या मेव्हण्याचं ऑपरेशन उजवीकडचं की डावीकडचं?” आणि दप्तरदार खुर्चीतून न उठता सांगायचे, “डावं. उजवं तीन वर्षांनी झालं. आणि त्याला तेव्हा उचकी लागली होती, दोन दिवस.” उचकीबद्दल कुणी विचारलेलं नसायचं. पण ती फुकट मिळायची.

अशा माणसाच्या टेबलावर अधीक्षकबाईंचं परिपत्रक येऊन पडलं होतं. महिनाअखेरपर्यंत सर्व जुने कागद यंत्रातून काढून संगणकात भरावेत आणि नंतर लगद्यासाठी पाठवावेत. खाली सही, शिक्का आणि ‘सहकार्य अपेक्षित’. दप्तरदारांनी ते तीनदा वाचलं. ‘लगदा’ हा शब्द त्यांनी याआधी कधी एवढा लक्ष देऊन वाचला नव्हता.

हे काम घेतलेल्या कंपनीच्या बाई वाईट नव्हत्या, हे लवकरच त्यांच्या लक्षात आलं आणि त्याचा त्यांना थोडा रागच आला. चाळिशीची, दोन मुलांची आई, डबा खातानाही शेजारी सुटे भाग मांडून बसणारी ती बाई दिवसभर यंत्रासमोर उभी राहून पानामागून पान सरकवायची आणि कधी चिडायची नाही. चिडायचं ते यंत्र. पहिल्याच दिवशी त्याने कागदाबरोबर एक टाचणी गिळली आणि तीन दिवस आजारी पडलं. त्याला तपासायला माणूस आला, त्याने ते उघडलं, आत बॅटरी मारून बघितलं, मान हलवली आणि भाग बाहेरून मागवावा लागेल असं सांगितलं. इस्पितळात सगळे एकाच सुरात बोलतात, मग पेशंट कुणी का असेना.

म्हणून टाचण्या काढणं आलं. टाचण्या, पिना, क्लिपा, दोरे आणि एका फायलीत तर चक्क केसांना लावायची पिन, जी कुठल्या नर्सची असणार हे दप्तरदारांना पक्कं माहीत होतं पण त्यांनी सांगितलं नाही.

मग रकाने आले. संगणकाला जन्मतारीख लागायची. त्याशिवाय तो पुढच्या पानावर जाऊच द्यायचा नाही. आणि जुन्या फायलींत जन्मतारखेच्या जागी लिहिलेलं असायचं, ‘मोठा पूर आला त्या वर्षी’, ‘थोरल्या बहिणीच्या लग्नानंतर’, किंवा नुसतंच ‘म्हातारा’.

“काय घालू?” बाई विचारायच्या.

“पुराचं वर्ष घाला.”

“वर्ष घातलं. महिना? दिवस?”

दप्तरदार पुढच्या फायलीची टाचणी काढू लागले. शेवटी बाईंनी असल्या सगळ्यांना एक जानेवारी देऊन टाकली. आठवडाभरात एक जानेवारीला जन्मलेले नऊशे लोक गावात झाले. त्या दिवशी प्रसूतीच्या वॉर्डात काय धावपळ उडाली असेल याचा विचार करून दप्तरदार मनातल्या मनात दमले.

तरीही काम पुढे सरकत होतं. तीस मांडण्या संपल्या. आणि मग एकतिसाव्या मांडणीच्या डोक्यावरचा पाण्याचा पाइप फुटला.

फुटला म्हणजे कारंजं उडालं नाही. शनिवार-रविवार तो सभ्यपणे ठिबकत राहिला आणि सोमवारी सकाळी दप्तरदारांनी तिसऱ्या कप्प्यात हात घातला तेव्हा फायली ओल्या पोत्यासारख्या हाताला लागल्या. मुलांच्या वॉर्डाचे जुने कागद. सहाशे चाळीस पानं. शाई टिकून होती, कारण त्या काळची शाई आणि त्या काळच्या नर्सा दोन्ही पक्क्या होत्या. पण यंत्र ओला कागद घेईना. एक घेतला, त्याचा बोळा करून परत दिला.

“वाळवायला हवेत,” कंपनीच्या बाई म्हणाल्या. “उन्हात. इस्पितळाला गच्ची असेल ना?”

गच्ची होती. किल्ली देखभाल विभागाकडे होती. देखभाल विभागाने सांगितलं, अर्ज करा. अर्ज केला. अर्जावर अधीक्षकांची शिफारस हवी. शिफारस आणली. मग देखभाल विभागाने ‘कागद वाळवणे’ हे गच्चीच्या मंजूर उपयोगांत बसत नसल्याचं कळवलं, आणि खुलाशासाठी आठ दिवस मागितले. आठ दिवसांत त्या फायलींवर मश्रूम उगवले असते.

दप्तरदारांनी एकतीस वर्षांत एक पानसुद्धा त्या खोलीच्या बाहेर जाऊ दिलं नव्हतं. एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या काकांची फाईल घरी न्यायला मागितली होती, तेव्हा त्यांनी दारात आडवं उभं राहून नाही म्हटलं होतं. आणि त्या सोमवारी दुपारी तेच दप्तरदार एका टॅक्सीच्या मागच्या सीटवर, मांडीवर दोन आणि बाजूला चार गठ्ठे घेऊन, घरातल्या चादरीत सगळं झाकून, चोरासारखे घरी निघाले. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं. “लग्नाचं सामान?” त्याने विचारलं. दप्तरदार म्हणाले, “हो.” त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा सर्वांत निरर्थक थाप असेल.

“हे काय आणलंत?” बायकोने दार उघडत विचारलं.

“सहाशे चाळीस पानं. वाळवायची आहेत. कुणाला सांगू नकोस.”

“अहो, कुणाला सांगू नकोस म्हणताय आणि गच्चीवर वाळत घालणार? गच्ची काय आपल्या एकट्याची आहे?”

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून दप्तरदारांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

जिन्यातच त्यांना वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे गृहस्थ वीज कंपनीतून निवृत्त झालेले, पण इमारतीत त्यांना सगळे ‘वेधशाळा’ म्हणत, कारण ते रोज सकाळी बाल्कनीत उभे राहून नाक वर करून दिवसाचा अंदाज सांगत. अंदाज बरोबर आला तर दिवसभर सगळ्यांना आठवण करून देत, चुकला तर ऋतूला नावं ठेवत.

“वाळवायचंय?” वेधशाळेने चादरीखालून डोकावणाऱ्या कागदाला बोट लावून बघितलं. “उद्या सकाळी नऊ ते बारा. कोरडं ऊन. वारा शून्य.”

“नक्की?”

“पानसुद्धा हलणार नाही,” वेधशाळा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दप्तरदारांनी रजा टाकली. बायकोने कपाटातल्या चार धुतलेल्या चादरी काढून दिल्या. गच्चीवर त्या अंथरून त्यावर पानं मांडली, ओळीने, फायलीच्या क्रमाने, आणि पानांवर वजनाला वाट्या, चमचे, कुलपं, वेधशाळेने प्रेमाने दिलेले जुने स्विच. दहा वाजेपर्यंत कागद कुरकुरायला लागले. दप्तरदारांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी वेधशाळेला चहाला खाली बोलावलं. सुकलेली पानं गोळा करायला आता तसाही अर्धा तास होताच.

सव्वादहाला खालच्या मजल्यावर एक दार आपोआप धाडकन आपटलं.

चहाचे कप तसेच ठेवून तिघंही वर धावले. वारा असा आला होता की जणू त्याला कुणीतरी निरोप पाठवून बोलावलं होतं. वाट्या गडगडत होत्या. चादरी उभ्या राहिल्या होत्या. आणि मुलांच्या वॉर्डाची सहाशे चाळीस पानं आभाळात चढून, क्षणभर विचार करून, आजूबाजूच्या आठ इमारतींवर निवांत उतरत होती. काही बाल्कन्यांत, काही झाडांवर, काही वाळत घातलेल्या कपड्यांत, एक तर समोरच्या शाळेच्या मैदानात, जिथे कवायत चालू होती.

“हा वारा नाहीये,” वेधशाळा गंभीरपणे म्हणाले. “ही झुळूक आहे. वाऱ्याची व्याख्या वेगळी असते.”

हाताला लागतील ती पानं छातीशी धरून दप्तरदार उभे होते. बायको चादरी गोळा करत होती, एकीत एक गुंडाळत, काय आत जातंय हे न बघता.

मग दारोदार फिरणं सुरू झालं. दप्तरदारांना आजवर शेजारीपाजारी नुसतं डोकं हलवून ओळखायचे. त्या तीन दिवसांत त्यांनी बहात्तर घंटा वाजवल्या. “आपल्याकडे एखादा कागद उडून आला आहे का?” हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी शेवटी स्वतःच्याच घराची घंटा वाजवून बायकोलाही त्यांनी तेच विचारलं.

कागद मिळत गेले. पण न वाचता कुणीच दिला नाही. एका आजोबांनी पान पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर ‘गोपनीय’ असं लिहून परत केलं आणि म्हणाले, “मी वाचलेलं नाही. पण त्या पोराला नंतर गोवर गेला का?” समोरच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाईंनी पानावरची शुद्धलेखनाची चूक पेन्सिलने सुधारून दिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांत एकाच फायलीची दोन पानं गेली होती, आणि त्या दोन घरांचं गेली सहा वर्षं बोलणं बंद होतं. दप्तरदार पोहोचले तेव्हा दोन्ही घरच्या बायका जिन्यात शेजारीशेजारी बसून पानं एकमेकींना वाचून दाखवत होत्या. “चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणतंय तुमच्यात? देवा! माझ्यात तर एकशे चारवर संपतं हो!” त्यांनी दप्तरदारांना पुढचं पान मागितलं.

दप्तरदारांना खूप लाज वाटत होती. पण त्या लाजेच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, ज्याचं नाव त्यांना पटकन सापडेना. तळघरात एकतीस वर्षं हे सगळं एकट्याने वाचत आलेल्या माणसाला प्रथमच दिसत होतं की हे वाचून दुसऱ्या कुणालाही पुढचं पान हवंसं वाटतं.

गुरुवारी संध्याकाळी मोजणी झाली. सहाशे एकोणचाळीस.

कुठलं पान नाही, हे शोधायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. अकरा महिन्यांची मुलगी, न्यूमोनिया, वॉर्डात सतरा दिवस. तिच्या फायलीतलं नवव्या दिवसाचं पान. आई शिवणकाम करायची आणि खाटेशी बसूनही हातात सुईदोरा असायचा. सव्वीस वर्षं झाली होती.

‘एकच पान,’ दप्तरदार स्वतःशी म्हणाले. ‘सव्वीस वर्षांत कुणी मागितलं नाही, आता कोण मागतंय!’

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सर्जन बाईंचा वरून फोन आला. “दप्तरदार, एक जुनी फाईल हवी. आज एक मुलगी आलीय, सत्तावीस वर्षांची, सोमवारी तिचं ऑपरेशन आहे. लहानपणी आपल्याकडेच होती. आई म्हणतेय, तेव्हा कुठल्यातरी औषधाने पोरगी निळी पडली होती आणि डॉक्टरांनी ते पुन्हा कधीच देऊ नका असं बजावलं होतं. नाव तिला आठवत नाही. त्यांच्याकडचा कागद घर बदलताना गेला. तुम्हाला तर आठवतच असेल.”

तेच पान. औषधाखाली लाल शाईची रेघ मारलेलं पान.

आणि त्यांना आठवत होतं! त्या मुलीला दोन औषधं चालू होती, पेनिसिलिन आणि सल्फा. रेघ सल्फाखाली होती. शब्द जिभेच्या टोकावर आला. मग नेमकं त्याच क्षणी त्यांनी डोळे मिटून ते पान पुन्हा समोर आणलं. लाल रेघ स्पष्ट दिसली. थोडी तिरकी, शेवटी जाड झालेली. रेघेच्या वरचं अक्षर मात्र काही केल्या दिसेना. त्या जागी नुसता धूर होता.

“फाईल घेऊन वर येतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

यानंतर दप्तरदारांनी जे केलं ते त्यांनी पुढे फक्त बायकोला सांगितलं. त्यांनी जुन्या कोऱ्या तक्त्यांच्या गठ्ठ्यातून एक पान काढलं. त्या काळातल्या डॉक्टरांचं अक्षर त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी तारीख लिहिली. ताप लिहिला. नाडी लिहिली. हुबेहूब उतरलं. मग ‘सल्फा’ लिहायची वेळ आली आणि पेन कागदावर टेकून तिथेच थांबलं. निळा ठिपका मोठा होत गेला.

कंपनीच्या बाई शेजारच्या टेबलावरून बघत होत्या. त्यांना सगळं कळलं असावं, पण त्या उठल्या नाहीत. पडद्याकडे बोट करून शांतपणे म्हणाल्या, “प्रत्येक पान भरलं की हे यंत्र मला विचारतं, ‘खात्री आहे?’ होय किंवा नाही. मी दिवसातून हजार वेळा न बघता ‘होय’ दाबते.” त्यांनी बोट बटणावर आणलं. “हे पान आलं तर काय दाबू?”

दप्तरदारांनी पेनाला टोपण लावलं. तो कागद त्यांनी चार तुकडे करून खिशात घातला, आणि जिना चढून वर गेले.

सर्जन बाईंच्या खोलीत ती मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. आईचे केस पिकले होते, पण बोटं तीच, टोकांना सुईच्या खुणा असलेली. मुलगी उंच, सावळी, हातात फोन. दप्तरदारांनी फाईल टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. पाइप फुटला, फायली घरी नेल्या, वारा आला, नेमकं ते पान हरवलं. चूक सर्वस्वी माझी.

“पण तुम्हाला आठवत असेल ना?” सर्जन बाई म्हणाल्या.

“नाही,” दप्तरदार म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना इतकं विचित्र वाटलं की त्यांनी तो पुन्हा उच्चारून बघितला. “नाही. दोन औषधं होती. पेनिसिलिन किंवा सल्फा. दोन्हींपैकी एक. मला सल्फा वाटतंय, पण वाटण्यावर जाऊ नका.”

आता आपल्यावर काय कोसळणार याची दप्तरदार मान खाली घालून वाट पाहत होते.

“मग दोन्ही देणार नाही,” सर्जन बाई म्हणाल्या आणि कागदावर दोन शब्द लिहून त्यांवर फुल्या मारल्या. “इतर औषधं आहेत की. झालं.”

“झालं?”

“झालं.”

तीन दिवस दारोदार फिरलेला, झोप उडालेला, खोटा कागद करायला बसलेला माणूस ‘झालं’ या दोन अक्षरांसमोर अगदी वेडाबावळा होऊन उभा राहिला. सर्जन बाईंनी चष्मा काढला.

“दप्तरदार, तुम्ही ठणकावून एक नाव सांगितलं असतंत ना, तर मी दुसरं बिनधास्त दिलं असतं. तुमच्या शब्दावर इथे कुणी शंका घेत नाही.” फाईल मिटत त्या म्हणाल्या, “मला कधीकधी त्याचीच भीती वाटते.”

दप्तरदार खाली आले आणि बराच वेळ मांडण्यांकडे बघत बसले. एकतीस वर्षं त्यांनी फोनवर किती उत्तरं दिली होती, खुर्चीतून न उठता? सगळी बरोबर असतील? ते मोजू लागले आणि मग मोजायचं थांबले, कारण मोजणारं डोकं तेच होतं.

ऑपरेशन सुरळीत झालं. मग अधीक्षकबाईंनी लेखी खुलासा मागवला. तोही आता संगणकावरच द्यायचा होता. ‘कागद गहाळ होण्याचे कारण निवडा’ असं विचारून संगणकाने आग, पूर, वाळवी, चोरी आणि इतर असे पाच पर्याय दिले. वारा नव्हता. दप्तरदारांनी ‘इतर’ निवडलं. पुढे चाळीस अक्षरांची जागा होती. त्यांनी लिहिलं, ‘मी घरी नेले. उडाले. चूक माझी.’ संगणकाने विचारलं, खात्री आहे? दप्तरदारांनी स्वतःच्या बोटाने ‘होय’ दाबलं. त्या यंत्रावर दाबलेलं ते त्यांचं पहिलं बटण.

अधीक्षकबाईंनी समज दिली, तीन प्रतींत. एक त्यांना, एक सेवापुस्तकात आणि एक दप्तरात लावण्यासाठी, म्हणजे पुन्हा त्यांनाच.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी ते कामावर निघत असताना गावाहून नुकताच परतलेला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दारात आला. हातात घडी घातलेल्या चार चादरी आणि त्यांच्यावर एक कागद, कडक, सपाट, एकही सुरकुती नाही.

“वहिनी, चादरीच्या घडीत हे होतं. फार चुरगळलेलं होतं, म्हणून मंद इस्त्री मारून आणलं. वाचलं नाही मी,” तो म्हणाला. मग जरा घुटमळून, “पोरगी बरी झाली ना?”

बायकोने कपाळावर हात मारला. चादरी धुतलेल्याच होत्या, नुसत्या चुरगळल्या होत्या, म्हणून त्या दिवशी तशाच गुंडाळून तिने इस्त्रीच्या बोचक्यात टाकल्या होत्या. बहात्तर घंटा वाजवल्या, आणि पान घरातून बाहेर पडलंच नव्हतं. म्हणजे पडलं, पण इस्त्रीला.

दप्तरदारांनी पान खिडकीशी नेलं. लाल रेघ होती. थोडी तिरकी, शेवटी जाड झालेली.

रेघ पेनिसिलिनखाली होती.

ते खुर्चीत बसले. बायकोने पाणी आणून दिलं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, “मी सल्फा लिहिणार होतो गं. अक्षर असं उतरलं होतं की खुद्द डॉक्टर फसले असते.”

“पण लिहिलं नाहीत ना?”

“नाही.”

“मग उठा. उशीर होतोय.”

त्यांनी पान इस्पितळात नेलं, स्वतःच्या हाताने यंत्रात घातलं, पडद्यावर उमटेपर्यंत उभे राहिले आणि सर्जन बाईंना फोन करून वाचून दाखवलं, दोनदा. मग मुलीच्या घरी निरोप पाठवला की औषधाचं नाव कळलं आहे, येऊन लिहून घ्या.

त्याच दुपारी दोघी आल्या. मुलीचे टाके निघाले होते, चेहऱ्यावर तरतरी होती. कंपनीच्या बाईंनी औषधाचं नाव एका कार्डावर मोठ्या अक्षरांत छापून दिलं. दप्तरदारांनी दोघींना सांगितलं की आपल्याला उलटंच आठवत होतं. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “मग बरं झालं तुम्ही विसरलात,” ती म्हणाली.

आईचं लक्ष पानाकडे होतं. ती एका बोटाने समासातल्या बारीक ओळी चाचपत होती. “हे काय लिहिलंय? हे औषधाचं नाही वाटतं.”

ते औषधाचं नव्हतं. त्याला संगणकात रकानाही नव्हता. पण पानाचं चित्रच पडद्यावर आलं असल्यामुळे तेही आपोआप आत गेलं होतं. अक्षर एका नर्सचं होतं, घाईचं, एकात एक अडकलेलं, गावात आता ते वाचणारा एकच माणूस उरला होता.

दप्तरदारांनी चष्मा पुसला. या वेळी त्यांनी पाठ म्हणून दाखवलं नाही. पान डोळ्यांसमोर धरलं आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचलं.

“‘सकाळी साडेसात. मुलगी आज नऊ दिवसांनी पहिल्यांदा रडली. खूप मोठ्याने. सगळा वॉर्ड उठून बसला. कुणीही तक्रार केली नाही.’”

आईने पदराचं टोक डोळ्यांना लावलं, खाली घेतलं, पुन्हा लावलं. मग ती लेकीकडे वळली आणि दप्तरदारांना म्हणाली, “अहो, त्यानंतर ही थांबलीये कुठे!”

“आई!” मुलगी इतक्या जोरात ओरडली की जिन्यातून चाललेली नर्स कठड्यावरून वाकून खाली बघायला लागली.

दप्तरदारांनी तिला हातानेच खूण केली. काही नाही. सगळं ठीक आहे.